बोट चिखलात घातली तो दिवस

बेसिंगस्टोकला समुद्र नाही. राउंडअबाउट्स आहेत, काचेची ऑफिसं आहेत आणि सकाळी लंडनकडे धावणाऱ्या ट्रेन्स आहेत. माझे सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांच्या हे लक्षात आलं असावं. मागच्या बेडरूमच्या खिडकीत ते बराच वेळ उभे असायचे. खिडकीतून आमची एवढीशी बाग दिसायची, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची शेड आणि दोरीवरचे टॉवेल.

"बाबा, काय बघताय एवढं?" मी एकदा विचारलं.

"वारा बघतोय. नैऋत्येचा आहे. दुपारपर्यंत पाऊस येईल."

दुपारी पाऊस आला. तसा तो इथे बहुतेक दुपारी येतोच.

बाबा मर्चंट नेव्हीत कॅप्टन होते. रत्नागिरीच्या बाजूचे, वयाच्या विशीत बोटीवर चढले ते साठी जवळ आल्यावर उतरले. माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच्या आठवणींत बाबा म्हणजे विमानतळावरून घरी येणारा आणि चॉकलेटं संपायच्या आत परत जाणारा माणूस. बापलेकांचं भांडण कधी नव्हतं. भांडायलाही एका घरात राहावं लागतं. सासूबाई गेल्यावर बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे पडले. सॉलिसिटरकडे चकरा, व्हिसाची वाट बघणं, सगळं होऊन एकदाचे ते इथे आले. आल्यावर मात्र बापलेक रोज संध्याकाळी सोफ्यावर शेजारी बसून बातम्या बघायचे आणि हवामानाखेरीज एक शब्दही बोलायचे नाहीत.

मी इथल्याच एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. नवऱ्याचं ऑफिस शेजारच्या रीडिंग शहरात. मुलगी युनिव्हर्सिटीत, लांब. म्हणजे दिवसभर घरात बाबा एकटेच. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण एका शनिवारी मला राहवलं नाही. "चला बाबा, समुद्र दाखवते," म्हणाले आणि ट्रेनने त्यांना साउथॅम्प्टनला घेऊन गेले.

गोदीच्या एका टोकाला, मोठमोठ्या क्रूझ शिप्सपासून जरा बाजूला, एक जुनी बोट बांधलेली होती. काळं अंग, पिवळं धुराडं, आणि धुराड्याच्या पुढे-मागे दोन डोलकाठ्या, शिडं गुंडाळून ठेवलेल्या. बाबा थांबले. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"ही स्टीम स्कूनर आहे," ते म्हणाले. "गलबताच्या पोटात बॉयलर बसवलाय. वारा असला की शीड, नसला की वाफ. कोळसा वाचवायला. मला वाटलं होतं, आता कुठेच उरली नसेल."

कठड्याला रंग लावणारा एक दाढीवाला गृहस्थ आमच्याकडे बघून हसला. हा बोटीचा इंजिनिअर. पूर्वी रेल्वेत होता, निवृत्तीनंतर इथे फुकट राबत होता. बोट एका छोट्या ट्रस्टची होती आणि सगळेच स्वयंसेवक होते. उन्हाळ्यात लोकांना सॉलेंटमध्ये, म्हणजे समोरच्या सामुद्रधुनीत, फिरवून आणायचे, हिवाळ्यात गंज खरवडायचा. त्याने आम्हाला वर बोलावलं. खाली बॉयलरपाशी त्या दिवशी थोडी आग पेटवलेली होती. शिडी उतरता उतरता बाबांनी एक मोठा श्वास घेतला आणि तिथेच थांबले. मला वाटलं, गुडघा दुखावला.

"कोळसा," ते म्हणाले. "किती वर्षांनी हा वास आला."

पुढच्या शनिवारी ते एकटेच गेले. त्याच्या पुढच्याही. महिन्याभरात ते गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला लागले. कांदे चिरायचे, सूप ढवळायचं, कप विसळायचे. ज्या माणसाने लाखभर टनांच्या बोटी चालवल्या तो माणूस घरी येऊन मला सांगायचा, "आज लीक अँड पोटॅटो सूप होतं. मी त्यात जरा जिरं टाकलं. लोकांनी परत मागून घेतलं."

नवऱ्याला हे आवडलं नाही. "बाबा, तुम्ही कॅप्टन होता हे सांगितलंत का त्यांना?"

"बोटीवर काम केलंय एवढं सांगितलं."

"पण का?"

"अरे, त्यांच्याकडे कॅप्टन आहे. कांदे चिरायला कोणी नव्हतं."

तो कॅप्टन म्हणजे एक बाई होत्या, साठीच्या आसपासच्या. आयुष्यभर फ्रान्सला जाणाऱ्या फेरीबोटी चालवून रिटायर झालेल्या. उंच, जरा वाकलेल्या, बोलणं कमी. बाबांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना बाई कॅप्टन भेटली नव्हती. सुरुवातीला ते त्यांच्याबद्दल जरा जपूनच बोलायचे. "बाई बऱ्या आहेत," असं. मग काही आठवड्यांनी, "धक्क्याला लावताना हात हलका आहे त्यांचा." मग नुसतं "कॅप्टन" म्हणायला लागले. "कॅप्टनना आज सर्दी झालीय. आलं घालून चहा दिला."

सप्टेंबरातल्या एका रविवारी चहा वाटायला माणूस कमी होता म्हणून बाबांनी मला बरोबर नेलं. हवा छान होती. ऊन, थोडा वारा, पाणी शांत. डेकवर वीस-पंचवीस पॅसेंजर्स असतील, बहुतेक पेन्शनर जोडपी, एक-दोन कुटुंबं. आम्ही वाइट बेटाच्या जवळून वळसा घेऊन परत येत होतो. भरती संपून पाणी उतरायला लागलं होतं.

मी ट्रे घेऊन व्हीलहाऊसच्या, म्हणजे सुकाणूच्या खोलीच्या, दारात पोचले तेवढ्यात इंजिनिअर खालून धापा टाकत वर आला. त्याचं तोंड काळं झालेलं होतं आणि त्यावर घामाच्या रेघा.

"पंप गेला," तो कॅप्टनना म्हणाला. "बॉयलरला पाणी जात नाहीये. दुसरा लावून बघितला, तोही ओढत नाही."

"किती वेळ आहे?"

"आग काढावी लागेल, लगेच. नाहीतर बॉयलर फुटेल. आत्ता आत आहे तेवढीच वाफ."

मी ट्रे धरून तशीच उभी. कॅप्टननी मागे वळून बघितलं. मीही बघितलं. आमच्या मागून एक कंटेनर शिप येत होती. अशा बोटी मी किनाऱ्यावरून नेहमी बघितल्या होत्या, पण आमच्या छोट्याशा बोटीवरून ती बघणं निराळं होतं. एखादी अख्खी सोसायटी, तिच्या सगळ्या बिल्डिंगांसह, पाण्यावरून सरकत यावी तशी ती येत होती. ज्या खोल पट्ट्यातून तिला जायचं होतं त्याच चॅनेलच्या कडेला आम्ही होतो. तिला वळता येत नाही, थांबताही येत नाही, हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

कॅप्टननी वरच्या गुंडाळलेल्या शिडांकडे पाहून नकारार्थी मान हलवली; ती उघडायला वेळ नव्हता. पश्चिमेकडच्या किनाऱ्याकडे बघितलं. तिथे उतरत्या पाण्यातून तपकिरी चिखल वर यायला लागला होता.

"आहे ती सगळी वाफ मला दे," त्या म्हणाल्या.

इंजिनिअर मान हलवून खाली पळाला. कॅप्टननी सुकाणूचं चाक फिरवलं, एका हाताने रेडिओ उचलला आणि बंदराच्या कंट्रोलला आम्ही कोण, कुठे आणि काय करतोय ते सांगितलं. दुकानात फोन करून ऑर्डर द्यावी तशा आवाजात. मग पॅसेंजर्सना माइकवर सांगितलं, "आपली बोट आता मुद्दाम चिखलावर नेऊन बसवणार आहे. सगळ्यांनी खाली बसा, काहीतरी घट्ट धरा. थोडा धक्का बसेल. आज घरी जायला उशीर होईल, त्याबद्दल सॉरी."

मी ट्रे तिथेच खाली ठेवला आणि गॅलीकडे धावले. बाबांनी सूपचं पातेलं शेगडीवरून उतरवून सिंकमध्ये ठेवलं होतं आणि सुऱ्या ड्रॉवरमध्ये टाकत होते. गॅस बंद केलेला होता.

"पंप?" त्यांनी विचारलं. इंजिनाच्या ठोक्यावरून त्यांना काहीतरी कळलं होतं.

"हो. बाबा, तुम्ही वर या ना. त्यांना काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"मला काय माहीत! तुम्ही कॅप्टन आहात."

बाबांनी गोल खिडकीतून बाहेर बघितलं. किनारा हळूहळू समोर येत होता.

"तिने बोट चिखलाकडे घेतलीय," ते म्हणाले. "तिला सगळं दिसतंय. आत्ता जो वर जाऊन बोलेल तो तिला त्रास देईल. तू बस. खाली बस, पाठ भिंतीला लाव."

आम्ही दोघं गॅलीच्या फरशीवर शेजारी बसलो. त्यांनी माझा हात धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. त्यांचा हात कांद्याच्या वासाचा आणि कोरडा होता.

"तुम्हीपण हेच केलं असतं?" मी विचारलं.

त्यांनी सिंकमधल्या पातेल्याकडे एकदा बघितलं. "माहीत नाही. बोट जमिनीला लावायला कॅप्टनचा हात धजत नाही. आयुष्यभर तेच तर टाळायचं असतं."

धक्का बसला तो फार मोठा नव्हता. आधी खालून एक लांब घासल्याचा आवाज आला, मग बस ब्रेक लावून थांबावी तशी बोट पुढे झुकून थांबली. कपाटातल्या दोन बश्या पडून फुटल्या. इंजिन थांबलं. खालून वाफ सोडल्याचा मोठा फुस्स आवाज आला आणि मग एकदम शांतता.

थोड्या वेळाने कंटेनर शिप आमच्या मागून गेली. तिच्या लाटेने बोट हलकेच उचलली आणि आणखी थोडी आत नेऊन ठेवली. वर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एका आजीबाईंनी विचारलं की टॉयलेट चालू आहे का. ते चालू होतं.

किनाऱ्यावरच्या बचाव पथकाची लाइफबोट आली. ज्यांना जायचं होतं त्यांना तिने नेलं. लहान मुलं असलेली कुटुंबं गेली, एक-दोन आजारी माणसं गेली. बाकीचे हौसेने थांबले. मग पाणी इतकं उतरलं की लाइफबोटीलाही जवळ येता येईना. बोट एका बाजूला कलली आणि स्थिर झाली. आजूबाजूला चमकता चिखल, त्यात चोच खुपसत फिरणारे पक्षी, लांबवर रिफायनरीची धुराडी. रात्रीच्या आत भरती येऊन बोट आपोआप उचलली जाणार होती. तोवर वाट बघण्यावाचून काही काम नव्हतं.

बाबांनी सूप परत गरम केलं. कलत्या बोटीवर वाट्या अर्ध्याच भरायच्या असतात हे मी त्या दिवशी शिकले. लोक मजेत होते. माझ्या मुलीला मी फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला, इथेच वाढलेल्या पोरीच्या मराठीत. "आई, आजोबा ओके आहे? तुमचा बोट मडमध्ये अडकली? ओ माय गॉड, सो कूल."

व्हीलहाऊसमध्ये मात्र कॅप्टन एकट्याच बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या चिखलावर. मघाचा ट्रे अजून तिथेच पडलेला. बाबांनी चहा केला, आलं किसून घातलं, आणि म्हणाले, "सूनबाई, चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर त्यांना वाटेल मी काही बोलायला आलोय."

त्यांनी कप कॅप्टनच्या हातात दिला. "कॅप्टन," ते इंग्रजीत म्हणाले, "फार चांगली लावलीत बोट."

त्या हसल्या नाहीत. "इतक्या वर्षांत मी एकदाही बोट जमिनीला टेकवली नव्हती. आज मुद्दाम टेकवली. ट्रस्टच्या कमिटीला काय सांगू?"

"जे झालं ते."

"तुम्ही असं कधी बघितलंय?"

बाबा उंबऱ्यावर बसले. मी त्यांच्या मागे उभी होते. आणि त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी कधीच ऐकली नव्हती. माझ्या नवऱ्यानेही नाही, हे मला नंतर कळलं.

बाबा तेव्हा नुकतेच बोटीवर लागले होते. मुंबईहून कोकणच्या बंदरांना जाणारी एक म्हातारी आगबोट होती, कोळशावर चालणारी. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, वाहतूक नुकतीच सुरू झालेली, आणि गौरी-गणपतीला गावी निघालेल्या लोकांनी बोट भरली होती. ट्रंका, पेटारे, नव्या नवऱ्या, कोंबड्यासुद्धा. कॅप्टन दाभोळच्या बाजूचे होते. खलाशाचे तांडेल आणि तांडेलचे कॅप्टन झालेले. समुद्राला मोठी उसळी होती. दुपारी बोटीच्या तळाची एक प्लेट उसवली आणि बॉयलरच्या खोलीत पाणी यायला लागलं. पाणी आगीपर्यंत पोचलं की वाफ संपली, आणि वाफ संपली की त्या समुद्रात बोट आडवी होणार.

"बंदर फार लांब नव्हतं," बाबा म्हणाले. "सगळे म्हणत होते, बंदर गाठू. कॅप्टननी खाली जाऊन पाणी बघितलं. वर आले आणि सांगितलं, बंदर मिळणार नाही. समोर एक वाळूचा किनारा होता. त्यांनी बोटीचं तोंड सरळ तिकडे केलं आणि पूर्ण वेग द्यायला सांगितलं. माणसं ओरडत होती. माझ्या बाजूला एक बाई मोठमोठ्याने देवाचं नाव घेत होती. बोट वाळूत घुसली ती अशी, की पुढचे लोक गुडघाभर पाण्यात उतरून चालत गेले. गावातून होड्या आल्या, दोर आले. सगळे वाचले. कोंबड्यासुद्धा."

कॅप्टन बाईंनी पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. "मग त्यांचं काय झालं?"

"कंपनी म्हणाली, बंदर इतकं जवळ असताना बोट वाळूत का घातली? चौकशी झाली. त्यांनी एकच उत्तर दिलं, की पाणी मी बघितलं होतं, तुम्ही नव्हतं बघितलं. त्यांना परत बोट मिळाली नाही. ते गावी गेले. आम्ही सगळे दुसऱ्या बोटींवर गेलो. जो तो आपल्या कामाला लागला."

"तुम्ही त्यांना परत भेटलात?"

"खूप वर्षांनी. मी स्वतः कॅप्टन झाल्यावर. रजेत गावी गेलो होतो, तेव्हा शोधत गेलो. म्हातारे झाले होते. माडांना पाणी घालत होते. मला ओळखलंच नाही. मी नाव सांगितलं, बोटीचं नाव सांगितलं. तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, की बोट निघाली का रे वाळूतून?"

बाबा थांबले. त्यांनी जमिनीवरचा मघाचा ट्रे बाजूला सरकवला.

"बोट पुढच्या उधाणालाच निघाली होती. दुरुस्त होऊन नंतर कित्येक वर्षं चालली. सगळ्या कोकणाला माहीत होतं. पण त्यांना ते कोणी जाऊन सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तर ते तिथेच आळ्याच्या कडेला बसले. म्हणाले, बरं झालं. बस, इतकंच म्हणाले. मग मला शहाळं काढून दिलं."

कॅप्टन बाईंनी चहा संपवला. मग बाबांकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कॅप्टन झाल्यावर, म्हणालात?"

"हो."

"आणि गेले चार महिने माझ्या गॅलीत कांदे चिरताय."

"कांदे चिरायला माणूस नव्हता," बाबा म्हणाले.

तेव्हा मात्र त्या हसल्या.

अंधार पडायच्या सुमाराला पाणी चढलं. बोट आधी थरथरली, मग सरळ झाली, आणि एका टगबोटीने आम्हाला दोर लावून ओढत धक्क्याला आणलं.

ते तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ट्रस्टची कमिटी होती, आणि कमिटीत काही लोक फार चिडले होते. बोटीच्या तळाची तपासणी करावी लागणार, उरलेल्या सफरी रद्द, लोकल पेपरात कलंडलेल्या बोटीचा फोटो. मीटिंगला स्वयंसेवकांना बोलावलं होतं. बाबा कोट घालून गेले, मी त्यांना गाडीने नेलं आणि मागे बसले.

एका सभासदाने विचारलं, "नांगर का टाकला नाही? नांगर टाकून मदतीची वाट बघता आली नसती का?"

कॅप्टन उत्तर देणार होत्या, पण दमलेल्या दिसत होत्या. बाबांनी हात वर केला.

"नांगरावर बोट फिरते," ते म्हणाले. "पाणी उतरत होतं, वारा किनाऱ्याकडून होता. आमच्या बोटीची मागची बाजू फिरून बरोबर चॅनेलमध्ये आली असती. त्या मोठ्या बोटीच्या समोर. मी तिथे होतो. मला त्या चिखलात बसून सूप वाढायला मिळालं म्हणून मी कॅप्टनचा आभारी आहे."

काही लोकांनी माना हलवल्या. तरी ठरलं ते असंच ठरलं: सरकारी तपासणीचा निकाल येईपर्यंत कॅप्टननी बाजूला राहावं. कोणी वाईट बोललं नाही. सगळे फार सभ्य होते. कॅप्टननी आपली टोपी उचलली, सगळ्यांना गुडबाय म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी येताना बाबा गाडीतून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. विंचेस्टर गेल्यावर म्हणाले, "त्या राहतात कुठे, तुला माहीत आहे?"

"शोधता येईल. का?"

"मी त्या कोकणातल्या म्हाताऱ्या कॅप्टनकडे जायला फार उशीर केला. इतकी वर्षं त्यांच्याकडे कोणीच गेलं नाही. सगळे म्हणायचे, भला माणूस, आणि जायचं कोणी नाही."

त्याच आठवड्यात आम्ही गेलो. मी नारळाच्या वड्या केल्या होत्या. पोर्ट्समथच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं छोटं घर होतं. दार उघडून त्यांनी आधी आमच्याकडे, मग माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि आत बोलावलं. घर नीटनेटकं होतं आणि फार शांत होतं. मांजर होतं एक. बाबांनी बोटीतल्या बातम्या सांगितल्या. तळाला काही झालेलं नाही. पंपात गंजाचे पापुद्रे अडकले होते. इंजिनिअर रोज तो पंप उघडतो आणि स्वतःला शिव्या देतो. कॅप्टन ऐकत होत्या, एकेक वडी संपवत होत्या. निघताना म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोणी आलं नाही."

"येतील," बाबा म्हणाले. "लोकांना वाटतं, जाऊन काय बोलायचं. मी इंजिनिअरला घेऊन येतो पुढच्या वेळी."

खरंच घेऊन गेले. मग दर दोन-तीन आठवड्यांनी कोणी ना कोणी जायला लागलं. दिवाळीला त्या आमच्याकडे आल्या. आमच्या डायनिंग टेबलावर चकल्यांच्या डब्याशेजारी नकाशा पसरून त्या आणि बाबा संध्याकाळभर कुठल्याशा खडकाबद्दल वाद घालत होते. माझा नवरा ऑफिसातून आला तो कोट न काढता तिथेच उभा राहून ऐकत राहिला. त्या जायला निघाल्यावर त्याने बाबांना विचारलं, "ती कोकणातल्या बोटीची गोष्ट मला का नाही सांगितलीत कधी?"

"तू लहान होतास," बाबा म्हणाले. "आणि मी थोडेच दिवस घरी असायचो. त्यात बुडणाऱ्या बोटींच्या गोष्टी कशाला सांगायच्या? तुझी आई आधीच काळजी करायची."

तपासणीचा निकाल हिवाळा सरता सरता आला. कॅप्टनचा निर्णय बरोबर होता असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. देखभालीत मात्र चुका काढल्या होत्या. नवा पंप बसवावा लागला. कमिटीने कॅप्टनना परत बोलावलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही, थोडे दिवस वाट बघायला लावली. मला ते आवडलं.

वसंतातल्या पहिल्या सफरीला नवराही आला. बाबांच्या बोटीवर तो आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. हवा गार होती आणि वारा चांगला होता, म्हणून कॅप्टननी शिडं लावली. इंजिनाचा ठोका थांबला, कापड फडफडून ताठ झालं, आणि बोट एका अंगावर रेलून सरसर निघाली. सगळे खूश होते. माझा नवरा सोडून. बेटाजवळच्या लाटा लागल्या आणि तो पांढराफटक पडला. कठड्याला धरून उभा होता, कपाळावर घाम.

बाबा गॅलीतून ॲप्रनसकट बाहेर आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"लांब बघ," ते म्हणाले. "पाण्याकडे नको. तिकडे जमिनीकडे बघत राहा. मोठा श्वास घे."

"कॅप्टनचा मुलगा आणि बोट लागते," नवरा कसाबसा म्हणाला.

"तुझ्या आईलाही लागायची."

नवऱ्याने मान वळवली. "आई बोटीवर आली होती? कधी?"

"एकदाच. तुझ्या जन्माच्या आधी. कंपनीने बायकोला न्यायची परवानगी दिली होती. कोलंबोपर्यंत सारखी उलट्या करत होती. म्हणाली, पुढच्या बंदरावर मला उतरवा, मी चालत घरी जाते." बाबा हसायला लागले. "मग कोलंबो सुटल्यावर समुद्र शांत झाला. त्या दिवशी ती पहिल्यांदा ब्रिजवर, सुकाणूपाशी आली. मी ड्यूटीवर होतो. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि दिवसभर हललीच नाही. तिला उडते मासे दिसले."

"मग?"

"सांगतो. आधी तू लांब बघ," बाबा म्हणाले, आणि त्याच्या पाठीवरचा हात न काढता सांगायला लागले. मी गॅलीत जाऊन सूपखालचा गॅस बारीक केला.